ह्रिंचुकचा उजवा हातमोजा

मी एक हातमोजा बोलतोय. उजवा. बर्फावरच्या हॉकीत खेळाडू जाडजूड मोजे घालतात ना, त्यांतला. तुम्ही म्हणाल, मोज्याला कसली आलीय कहाणी? खरंय तुमचं. एखाद्या सरळ खेळाडूच्या हातात पडलो असतो तर स्टिक धरली असती, घाम प्यायलो असतो, तळव्याला भोक पडून कचऱ्यात गेलो असतो आणि विषय संपला असता. पण माझा मालक हॉकीच्या संघात हॉकी खेळायला नव्हता, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

माझा जन्म कॅनडातल्या क्विबेकमधल्या एका छोट्या कारखान्यातला. बायका ओळीने यंत्रांवर बसून मोजे शिवत आणि शिवता शिवता नवऱ्यांची उणीदुणी काढत. मला शिवणाऱ्या बाईचं नाव ओडेट. पाठीवर जाड गाद्या, मनगटाला दोरी आणि तळव्याला निवडून काढलेलं मऊ कातडं असं तिने मला घडवलं. तळव्यावरून बोट फिरवून ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ, हा नक्की गोल करणाऱ्याच्या हातात जाणार."

"लग्नाच्या वेळी नवऱ्याबद्दलही तू असंच काहीतरी म्हणाली होतीस," शेजारीण म्हणाली.

शेजारीण शहाणी होती. मी तेव्हा कोरा होतो, म्हणून ओडेटवर विश्वास ठेवला.

खोक्यातून बाहेर आलो तो थेट सस्कॅचेवानमधल्या केटल फोर्क गावात, बायसन्स संघाच्या खोलीत. मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली जी लीग असते, तिथला हा संघ. चढणारे तिथून वर चढतात, घसरणारे तिथेच येऊन थांबतात आणि दोघेही एकाच बाकावर बुटांच्या नाड्या बांधतात. संघाचं सामान सांभाळणारा लॉर्न तोंडात सुपारी धरावी तशी तंबाखू धरून बोलायचा. त्याने मला आणि माझ्या डाव्या भावाला उचलून एका अवाढव्य पोराच्या मांडीवर टाकलं.

हा ओरेस्ट ह्रिंचुक. युक्रेनी आजोबांनी नांगरलेल्या गव्हाच्या शेतांतून आलेला, बाविशीतला, पाय मोठे, कान लाल. त्याने मला घातलं आणि हात हलवून पाहिला. मी त्याच्या हातात ढगळ होत होतो.

"लॉर्न, हे सैल होतायत."

"व्हायलाच हवेत. मुद्दाम एक माप मोठं मागवलंय. झटकले की सुटले पाहिजेत."

"आणि स्टिक धरायला?"

लॉर्न इतका हसला की त्याला खोक्यावर बसावं लागलं. "स्टिक! अरे पोरांनो, ऐकलंत का? ह्रिंचुकला स्टिक धरायचीय!"

खोलीभर हशा पिकला. ओरेस्टही हसला, पण त्याचे कान आणखी लाल झाले. या पोराला कशासाठी घेतलंय हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच सामन्यात मलाही कळलं. कोच डनफीने ओरेस्टच्या पाठीवर थाप मारली आणि समोरच्या एका दांडगटाकडे हनुवटीने खूण केली. ओरेस्ट बर्फावर उतरला. मी म्हटलं, आता चकती येईल (या खेळात चेंडूऐवजी रबराची चकती असते), आता स्टिक घट्ट धरू. तेवढ्यात हाताला एक झटका बसला आणि मी हवेत. आपटलो, घसरलो, पालथा पडलो. वर बघतो तर माझा मालक उघड्या मुठींनी त्या माणसाचं थोबाड सुजवत होता आणि गाव उभं राहून टाळ्या पिटत होतं. मग पंच माझ्या मालकाला घेऊन शिक्षेच्या पेटीत गेला. मी त्या पेटीला कोंडवाडा म्हणतो. मोकाट जनावर पाच मिनिटं आत, पुन्हा बाहेर. मला एका शिट्टीवाल्याने दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरून आत भिरकावलं.

त्यानंतर हाच माझा दिनक्रम झाला. ज्याला धरण्यासाठी शिवलं तो फेकण्यासाठी वापरला गेला. बाकीच्यांच्या मोज्यांचे तळवे महिन्याभरात झिजून फाटत, लॉर्न शिव्या घालत ठिगळं लावत बसे. माझा तळवा कोराच. खुंटीवरचे ते फाटके मोजे माझ्याकडे असं बघत, जसं रोजंदारीवरचं माणूस जावयाकडे बघतं.

आता या लोकांचा एक शिष्टाचार सांगतो. तुम्हाला वाटेल, संतापून एकमेकांच्या अंगावर जात असतील. छे! संताप परवडला. हे तर रीतसर आमंत्रण देऊन मारामारी करतात. पाईन नॅरोजच्या संघात डूगन रॅटरे नावाचा ओरेस्टच्याच धंद्यातला एक जण होता. दोघांचं दर महिन्याला ठरलेलं.

"काय ओरेस्ट, जमेल का आज?" रॅटरे जवळ सरकत विचारी.

"जमेल की. तुझा खांदा कसाय?"

"उजवा जरा धरलाय. डावीकडूनच ओढ बाबा."

"बरं. बायकोचं काय?"

"मुलगी झाली!"

"अरे वा! अभिनंदन हं."

आणि मोजे खाली. मुलगी झाल्याचा आनंद म्हणून पुढची दोन मिनिटं एकमेकांच्या नाकाचा भुगा. पंगतीत आग्रह करकरून वाढावं तसे हे ठोसे वाढतात, आणि त्यातही एक कडक नियम आहे: बोलावणं आलं की जायचं. नाही म्हटलं की माणूस संपला. आपल्याच बाकावरचे लोक त्याच्या शेजारी बसायला कचरतात. या अडाणीपणाला ते 'इमान' म्हणतात. मी बर्फात पडल्या पडल्या या इमानाचं रक्त अंगावर घेत असे. लॉर्न नंतर मला गरम नळावर वाळत घाली आणि माझा वास बाहेरच्या तिकीट खिडकीपर्यंत जाई.

बघणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आठवडाभर बँकेत मान खाली घालून बसणारा कारकून इथे बाकावर उभा राहून ओरडे, "डोळा फोड त्याचा!" रविवारी चर्चमध्ये पोरांना क्षमा शिकवणारी बाई हातातला कागदी पेला चुरगाळून टाकी. दुसऱ्या रांगेत गावातला दातांचा डॉक्टर बसे, तो सगळ्यांत जोरात ओरडे. त्याचं निदान समजू शकतो, पोटाचा प्रश्न होता. बाकीच्यांचं काय? साहेबावरचा, सासूवरचा, नांगरावरचा राग, सगळं वड्याचं तेल या वांग्यावर. आणि कोच डनफी? त्याने स्वतः जन्मात कुणाला थोबाडीत मारली नसेल. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून शिकार करणारा माणूस तो, वर पत्रकारांना सांगे, "ह्रिंचुक म्हणजे आमच्या संघाचं काळीज." काळजाला तो सामन्यात तीन-चार मिनिटं बर्फावर सोडत असे.

या सगळ्यांवर एकच माणूस थुंकत असे. ओरेस्टची आई, ओलेना. ती एकदा बसने आली, डबाभर पेरोगी घेऊन. बटाट्याचं सारण भरलेल्या आणि वर परतलेला कांदा घातलेल्या त्या करंज्या पोरांनी उभ्या उभ्या संपवल्या. कोच डनफी तोंड पुसत म्हणाला, "मिसेस ह्रिंचुक, आज थांबा ना सामन्याला. पहिल्या रांगेतली खुर्ची देतो."

"कशाला?"

"तुमचा मुलगा बघायला!"

"मारामारीच बघायची तर खुर्ची कशाला हवी? माझे तीन दीर आहेत. कुठलंही लग्न असो, जेवणाआधी फुकट दाखवतात."

पोरं खो खो हसली. ती हसली नाही. ओरेस्टचा उजवा हात तिने धरला आणि सुजलेल्या सांध्यांवरून अंगठा फिरवला. "लहानपणी तळं गोठलं की दिवसभर एकटा चकती मारत बसायचास. जेवायला यायचा नाहीस. मी ते बघायला आले असते. एक गोल कर आणि मला बोलाव. मी आहे त्या कपड्यांत येईन."

"करीन आई."

"कधी? हा हात आहे तोवर की नंतर?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. संघाच्या डॉक्टरने आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हाताच्या हाडांत आता जोडण्यासारखं फार उरलेलं नाही. अजून एक-दोन दणके, मग मूठ मिटणार नाही. ज्याची मूठ मिटत नाही त्याला बायसन्स कशाला ठेवतील? म्हणजे मधला वेळ थोडा होता, आणि त्या वेळात ओरेस्टला एक गोल हवा होता. एकच. दोन हिवाळ्यांत त्याच्या नावावर एकही नव्हता. त्याला मनापासून वाटायचं की आपल्याला खेळता येतं, फक्त कुणी खेळू देत नाही. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं होतं.

जील थिबोला वाटलं नाही. थिबो हा संघातला सगळ्यांत जुना खेळाडू, मोठ्या लीगमधून घसरत खाली आलेला, पण हात असे की चकती त्याचं ऐकत असे. सरावानंतर सगळे निघाले की तो ओरेस्टला थांबवून घेई.

"माझे उरलेले दात तुझ्यामुळे उरलेत," तो म्हणाला. "ये, त्यांचं भाडं फेडतो. स्टिक हलकी धर. गळा नाही दाबायचा कुणाचा."

"अशी?"

"अजून हलकी. लेका, ती बायको आहे असं समज."

"माझं लग्न कुठे झालंय, म्हाताऱ्या?"

"म्हणूनच तर स्टिक अशी धरतोस!"

रोज तासभर. चकती घ्यायची, डोकं वर ठेवायचं, मारायची. माझ्या आयुष्यात प्रथमच मी हातावर टिकून राहिलो. तळव्याखाली लाकूड फिरायला लागलं, कातडं तापायला लागलं. हिवाळा सरता सरता माझ्या अंगठ्याच्या मुळाशी छोटंसं भोक पडलं. लॉर्नने ते दिव्याखाली धरून पाहिलं.

"ह्रिंचुकच्या मोज्याला ठिगळ? जग बुडालं म्हणायचं!"

त्याने ठिगळ लावलं आणि मी फुगलो. हो, लपवत नाही. या ठोंब्या पोरावर माझा जीव जडला, आणि त्याबद्दल मला स्वतःचीच कीव येते.

मग मार्चमध्ये पाईन नॅरोजविरुद्धचा सामना आला. थिबोच्या बाजूने खेळणाऱ्या पोराचा घोटा सकाळीच मुरगळला आणि थिबो कोचच्या खोलीत जाऊन बसला. ओरेस्टला त्याच्या जागी उतरवल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. डनफीने कुरकुर केली. पण वरच्या लीगचा एक पारखी माणूस त्या दिवशी बघायला येणार होता. माल विकायचा तर तो चालवून दाखवावा लागतो, एवढं व्यवहारज्ञान डनफीला होतं.

ओरेस्टने आईला बोलावलं. गोल अजून झाला नव्हता, तरी बोलावलं. ती खरोखरच घरातल्या कपड्यांत आली, डोक्याला रुमाल बांधून, आणि पहिल्या रांगेत दातांच्या डॉक्टरच्या पुढे बसली.

काय सांगू, पोरगा खेळला! सुंदर नव्हे, पण खेळला. चकती घेतली, दिली, पुन्हा घेतली. दोनदा गोलीच्या, म्हणजे गोल राखणाऱ्याच्या, अंगावर मारली. रॅटरे एकदा जवळून गेला आणि म्हणाला, "काय रे, आज हॉकी?" ओरेस्ट म्हणाला, "आज आई आलीय." रॅटरे मान हलवून लांब झाला. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

शेवटचं मिनिट उरलं. बायसन्स एका गोलने पुढे. अशा वेळी हरणारा संघ आपला गोलीच बाहेर काढतो आणि त्याच्या जागी आणखी एक हल्ला करणारा आणतो. जुगारच असतो तो, कारण मागे गोल उघडा पडतो. तसाच पाईन नॅरोजचा पडला. थिबोने कडेला चकती हिसकावली, पुढे ओरेस्टकडे सोडली आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याला मैदानाच्या कडेच्या फळ्यांवर असं आदळलं की तो तोंड खाली करून पडला.

ओरेस्टच्या पुढे कुणी नव्हतं. चकती स्टिकवर, गोल रिकामा, मधे नुसता बर्फ. माझ्या तळव्यात स्टिक हलकी होती, अगदी थिबोने सांगितली तशी. त्याने चकती पुढे ढकलून मारायला स्टिक मागे घेतली.

मागून पाठीवर दणका बसला. रॅटरे होता. त्याच्या कोचने हनुवटीने खूण केली होती. "माफ कर ओरेस्ट," तो धापा टाकत म्हणाला, "मला पाठवलंय. ये."

बस, एवढंच. बोलावणं आलं. नुसती स्टिक खाली आणायची होती, मग हवं तर दोघांनी वर्षभर एकमेकांना कुटलं असतं. पण जित्याची खोड! खांदा वळला, मनगट झटकलं आणि मी हवेत. घट्ट धरायचा प्रयत्न केला मी. एक माप मोठ्या मोज्याने काय धरायचं?

मी पडलो तो गोलकडे तोंड करून. आणि म्हणून सांगतो: चकती थांबली नव्हती. पुढे ढकललेल्या तेवढ्याच जोरावर ती सावकाश गोलकडे निघाली होती. मागे लोक उभे राहून किंचाळत होते, मुठी वाजत होत्या. पंचाने शिट्टी फुंकली, म्हणजे खेळ तिथेच संपला, पुढचं काहीच धरायचं नाही. चकतीला शिट्टी कळत नाही. ती गेली, गेली आणि रेघ ओलांडून जाळीत जाऊन टेकली. साऱ्या मैदानात ती माझ्याखेरीज कुणी पाहिली नाही. लोकांना नाक फुटताना बघायचं होतं. थिबो फळ्यांशी पालथा होता. ओलेनाने रुमाल डोळ्यांवर ओढून घेतला होता. नंतर एका शिट्टीवाल्याने, मारामारीकडे बघत बघतच, चकती जाळीतून उचलून खिशात टाकली.

मारामारी ओरेस्टने जिंकली. असं म्हणतात. त्याचा हात कुठल्या ठोशाला गेला ते मला ऐकूही आलं.

खोलीत डनफीने त्याला मिठी मारली. "वा रे वाघा! गाव नाचतंय बाहेर! सामना पण आपला!"

"कोच, ती आत गेली का?"

"काय आत गेलं?"

"चकती."

"कुठली चकती? अरे, तू रॅटरेला झोपवलंस!"

ओरेस्टने खोलीत सगळ्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. तो पारखी माणूस दारातूनच वळला. जाता जाता तो जे म्हणाला ते लॉर्नने ऐकलं: "असला एक आहे आमच्याकडे. त्याचा हात अजून चांगला आहे."

ओलेना बोळात उभी होती. तिने लेकाचा हात हातात घेतला. आता तो मिटत नव्हता.

"तुझ्यासमोर कुणी नव्हतं, ओरेस्ट."

"हो."

"मग मोजे का टाकलेस?"

"मी नाही टाकले, आई. म्हणजे, मला कळलंच नाही. हाताने टाकले."

"मग हा हात कुणाचा होता रे?" ती म्हणाली, आणि त्या बाईला रडताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

बर्फ वितळायच्या आत बायसन्सनी त्याला घरी पाठवलं. पुढच्या हंगामात त्याच्या खुंटीवर दुसरा दांडगट होता, वीस वर्षांचा, हसतमुख. लोकांनी त्याच्या नावाचा घोष महिन्याभरात बसवून घेतला. डावा भाऊ कुणा प्रेक्षकाने पळवला. मला लॉर्नने हमरस्त्यावरच्या दारूच्या गुत्त्याच्या मालकाला देऊन टाकलं, आणि तेव्हापासून मी इथे बाटल्यांवरच्या काचेच्या पेटीत आहे. खाली पितळी पट्टी आहे: 'याच मोज्याने शंभर जबडे फोडले.' म्हणजे जन्मभर जे मी केलं नाही त्याबद्दल माझा सत्कार! लोक येतात, माझ्याशेजारी मूठ वळून फोटो काढतात. त्यातल्या एकानेही ठिगळाकडे बघून विचारलं नाही की हे कशाने झिजलं.

गेल्या आठवड्यात ओरेस्ट आला. केस पांढरे, अंगात धान्य-गोदामाचा डगला. ग्लास डाव्या हाताने उचलत होता. मालकाने त्याला ओळखलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं. म्हातारे झालेले बघे भोवती जमले, "रॅटरेला कसा आडवा केलास!" म्हणत त्याचे खांदे बडवू लागले. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुम्ही सगळे होतात ना त्या दिवशी?"

"म्हणजे काय! पहिल्या शिट्टीपासून!"

"मग चकतीचं काय झालं? माझ्यासमोर होती ती. आत गेली का?"

ते एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "चकती होती होय तिथे?" आणि सगळे हसले. ओरेस्टही हसला, तसाच, कान लाल करून. डगल्याची बटणं डाव्या हाताने लावायला त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही, त्यांचं लक्ष टीव्हीवरच्या मारामारीकडे गेलं होतं.

मला आता कुणाकडून काही नको. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात आणि धान्याच्या गोदामात डाव्या हाताने काम करणारा एक उंच म्हातारा दिसला, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, मोजता येणारी नव्हती, पण गेली होती रे, ओरेस्ट. आत गेली होती.